विषाणू पेशीत शिरतो तरी कसा? स्पाइकचा चाप आणि वऱ्हाडातली दुसरी लाट

फेब्रुवारी २०२१. देशात करोनाचे रोजचे नवे रुग्ण दहा-बारा हजारांपर्यंत खाली आले होते, लसीकरण सुरू होऊन महिना झाला होता आणि साथ आता संपल्यात जमा आहे, असे बहुतेकांना वाटू लागले होते. नेमक्या त्याच वेळी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले आकडे उलट चढू लागले. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. अकोल्यासह शेजारच्या जिल्ह्यांतही निर्बंध आले.

पातूरसारख्या तालुक्याच्या गावाला करोना नवा नव्हता. एप्रिल २०२० मध्ये अकोला जिल्ह्यात जे अगदी सुरुवातीचे रुग्ण सापडले, त्यांत पातूरचेही होते. पण वर्षभराने आलेली लाट वेगळी भासत होती. एकाला झाले की घरातल्या सगळ्यांना होत होते. म्हणून प्रश्न विचारला जाऊ लागला : हा विषाणू तोच आहे की बदलला आहे?

तो बदलला होता. पुढे ‘डेल्टा’ या नावाने जगभर पसरलेला प्रकार ज्या घराण्यातला, त्या घराण्याचे विषाणू त्या महिन्यांत महाराष्ट्रातल्या नमुन्यांत मोठ्या प्रमाणावर मिळू लागले होते. त्यांच्यातल्या बदलांपैकी काही बदल विषाणूने पेशीला चिकटण्याशी संबंधित होते. एक मात्र त्यानंतरच्या पायरीशी जोडलेला होता. ती पायरी म्हणजे विषाणूचे आवरण आणि पेशीचे पटल एकमेकांत मिसळून एकजीव होणे. ही पायरी कशी पार पडते आणि ती समजून घेतल्याने आपल्या हाती काय लागते, हे पाहू.

तर्रीचे थेंब एक होतात, मग पेशी का नाही?

आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदासारख्या रेणूंचे दुहेरी पटल असते. त्याची जाडी साधारण पाच नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. करोना, फ्लू, गोवर, डेंग्यू, रेबीज, एचआयव्ही या विषाणूंभोवतीही असेच मेदाचे आवरण असते. ते त्यांनी स्वतः बनवलेले नसते. ज्या पेशीत हे विषाणू तयार होतात, तिच्याच पटलाचा तुकडा पांघरून ते बाहेर पडतात. साबणाने हात धुतल्यावर हे विषाणू निकामी होतात ते यामुळेच. साबण ते मेदाचे आवरण फोडतो.

विषाणूचा सगळा ऐवज या आवरणाच्या आत असतो. करोनाच्या बाबतीत तो म्हणजे सुमारे तीस हजार अक्षरांचा आरएनएचा धागा. हा धागा पेशीच्या आत पोहोचला तरच पुढचे सगळे. त्यासाठी विषाणूचे आवरण आणि पेशीचे पटल एक व्हायला हवे.

रश्शावर तरंगणाऱ्या तर्रीचे दोन ठिपके चमच्याने जवळ ढकलले की ते झटकन एक होतात. मग मेदाची ही दोन पटले जवळ येताच एक का होत नाहीत? कारण पटलाच्या रेणूंची डोकी पाण्याला चिकटून राहणारी असतात आणि पाण्यापासून पळणाऱ्या शेपट्या आत लपलेल्या असतात. दोन पटले जवळ आली तरी दोघांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडून राहतो. तो थर पिळून काढणे, मग पटलांना वाकवणे आणि आतल्या शेपट्या क्षणभर उघड्या पाडणे, या प्रत्येक गोष्टीला ऊर्जा लागते.

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर सोडले की मेडशीच्या आधी घाट लागतो. पुढचे गाव कितीही जवळ असले तरी घाट चढल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही, आणि चढायला इंधन लागते. दोन पटलांच्या मध्येही असाच एक घाट आहे. तो आहे म्हणून आपण टिकून आहोत. नाहीतर शरीरातल्या पेशी एकमेकींना घासल्या की मिसळून गेल्या असत्या.

विषाणूकडे इंधन येते कुठून?

इथे पेच असा आहे की विषाणूकडे इंजिनच नाही. तो खात नाही, श्वास घेत नाही, स्वतः ऊर्जा तयार करत नाही. मग घाट चढण्याची ताकद त्याच्यात येते कुठून?

उत्तर समजायला घरातला उंदराचा चाप आठवावा. चाप लावताना ताकद आपण लावतो. स्प्रिंग ताणतो, काडी अडकवतो आणि बाजूला होतो. त्यानंतर चाप काहीही करत नाही. ताण धरून नुसता बसून राहतो. उंदराने खाऊला तोंड लावले की काडी सुटते आणि साठवलेली ताकद एका क्षणात बाहेर पडते.

विषाणूच्या पृष्ठभागावरची प्रथिने असे लावून ठेवलेले चाप असतात. पेशीत ती तयार होत असतानाच अवघडलेल्या, ताणलेल्या आकारात घडी घालून बसवली जातात. त्यासाठीची ऊर्जा ती बिचारी पेशीच खर्च करते. म्हणजे पुढच्या पेशीत घुसण्याची ताकद मागच्या पेशीने आधीच भरून दिलेली असते.

करोना विषाणूत हे काम स्पाइक प्रथिन करते. स्पाइकची एकेक साखळी १२७३ अमिनो आम्लांची असते. अशा तीन साखळ्या एकत्र येऊन एक स्पाइक बनते आणि एका विषाणूवर साधारण पंचवीस ते चाळीस स्पाइक असतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, केरळमधल्या देशातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून या विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रे २०२० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत विषाणूच्या कडेवरून बाहेर आलेले हे काटे दिसतात.

चाप सुटतो तेव्हा काय होते?

स्पाइकचे दोन भाग आहेत. टोकाचा एस-१ भाग पेशीला ओळखतो आणि धरतो. बुडाचा एस-२ भाग म्हणजे चापाची स्प्रिंग. सगळी क्रिया अशा क्रमाने घडते :

१. विषाणू अजून मागच्या पेशीतून बाहेर पडत असतानाच तिथले फ्युरिन नावाचे विकर स्पाइकला एस-१ आणि एस-२ यांच्या सांध्यावर कापते. दोन्ही भाग लगेच वेगळे होत नाहीत, पण चाप पूर्ण ताणला जातो.

२. नव्या पेशीजवळ आल्यावर एस-१ तिच्या पृष्ठभागावरच्या एसीई-२ या ग्राहीला चिकटतो. नाक, घसा, फुप्फुसे आणि आतड्यातल्या अनेक पेशींवर एसीई-२ असतो.

३. आता दुसरा काप बसतो, खुद्द एस-२ मध्ये. पेशीच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस-२ नावाचे विकर असेल तर ते हा काप घेते. नसेल तर विषाणू पेशीच्या आतल्या एका पिशवीत ओढला जातो आणि तिथले कॅथेप्सिन नावाचे विकर ते काम करते. चापाची काडी इथे सुटते.

४. एस-१ गळून पडतो. एस-२ उसळी मारून लांब होतो आणि त्याचे पाण्यापासून पळणारे टोक पेशीच्या पटलात गळासारखे रुतते. या क्षणी प्रथिनाचे एक टोक विषाणूत आणि दुसरे पेशीत असते.

५. मग एस-२ मधोमध दुमडतो. तीन साखळ्यांचे दोन-दोन भाग एकमेकांलगत येऊन सहा पीळदार दांड्यांची घट्ट मोळी बनते. मोळी आवळली जाते तशी दोन्ही पटले एकमेकांवर खेचली जातात, मधले पाणी हटते, आधी बाहेरचे थर मिसळतात आणि मग आतले. एक छिद्र पडते, ते रुंदावते आणि आरएनए आत उतरतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, हा चाप एकदाच चालतो. सुटलेले स्पाइक पुन्हा ताणता येत नाही, त्यामुळे पेशी जवळ नसताना चुकून सुटले तर ते वाया जाते. दोन, नुसते चिकटणे पुरेसे नाही. दोन्ही काप बसले नाहीत तर विषाणू पेशीच्या दारावर नुसता लोंबकळत राहील.

६८१ व्या जागेवर काय बदलले?

आता वऱ्हाडाकडे परत येऊ. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये सांगितले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेल्या विषाणूचे प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढले आहे. त्यालाच बातम्यांत ‘डबल म्युटंट’ म्हटले गेले. या घराण्याचे शास्त्रीय नाव बी.१.६१७. त्याचे सर्वांत जुने नमुने भारतातलेच, ऑक्टोबर २०२० चे आहेत. त्याच्या एका शाखेला, बी.१.६१७.२ ला, जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ च्या अखेरीस डेल्टा हे नाव दिले.

‘डबल’ हे नाव तसे अपुरे होते. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेच्या नमुन्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या घराण्याच्या ओळखीच्या बदलांमध्ये पी६८१आर हा बदलही ठळकपणे नोंदलेला आहे. नाव वाचायला अवघड वाटते, पण अर्थ सोपा आहे : साखळीतल्या ६८१ व्या जागी आधी ‘पी’, म्हणजे प्रोलीन हे अमिनो आम्ल होते, तिथे आता ‘आर’, म्हणजे आर्जिनीन आले.

१२७३ मण्यांच्या माळेतला एक मणी बदलला, त्याने काय होते? तो मणी कुठे आहे ते पाहायला हवे. ६८१ वी जागा फ्युरिन कापते त्या सांध्याला अगदी लागून आहे. काप ६८५ आणि ६८६ यांच्या मध्ये बसतो. फ्युरिनला धन विद्युतभार असलेल्या अमिनो आम्लांची ओळ आवडते, आणि आर्जिनीन तसेच आहे. तिथे आधीच तीन आर्जिनीन होते, चौथे आल्यावर विकराला सांधा आणखी नीट सापडू लागला. जास्त स्पाइक कापली गेली, म्हणजेच बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विषाणूवर पूर्ण ताणलेले चाप जास्त झाले. या बदलाने कापण्याचा वेग वाढून विषाणू अधिक पसरू शकेल, असा अंदाज एनआयव्हीच्या अभ्यासातही मांडलेला होता.

हे तपासले कसे?

अंदाज तपासण्याची एक सुंदर रीत आहे. पेशींचे दोन गट घेतात. एका गटाच्या पृष्ठभागावर स्पाइक असते, दुसऱ्याच्या पृष्ठभागावर एसीई-२. प्रकाश देणाऱ्या एका प्रथिनाचे दोन तुकडे करून एकेक तुकडा एकेका गटात ठेवतात. पेशी एकमेकींत मिसळल्या तरच दोन तुकडे जुळतात आणि उजेड पडतो. जितका उजेड जास्त, तितके मिसळणे जास्त.

जपानमधल्या संशोधकांनी जुन्या विषाणूत फक्त हा एकच बदल घडवून पाहिला. त्यांचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात आले. एवढ्या एका बदलाने पेशी एकमेकींत मिसळण्याचे प्रमाण वाढले आणि त्या विषाणूची लागण झालेले हॅमस्टर अधिक आजारी पडले. अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी उलटा प्रयोग केला. डेल्टामधला आर्जिनीन काढून पुन्हा प्रोलीन बसवले, तेव्हा आधीच्या अल्फा प्रकारावरची डेल्टाची आघाडी गेली.

या मिसळण्याचा आणखी एक परिणाम शरीरात दिसतो. लागण झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरही स्पाइक येतात, आणि मग ती पेशीच शेजारच्या पेशीशी एकजीव होऊ लागते. अशा अनेक पेशी मिळून अनेक केंद्रके असलेली एक मोठी पेशी बनते. करोनाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत अशा महाकाय पेशी सापडल्या आहेत. डेल्टा त्या जास्त बनवत होता.

मग लाट या एका बदलामुळेच आली का?

नाही, तसे म्हणता येत नाही. याच घराण्यातल्या ‘कप्पा’ या शाखेतही पी६८१आर होता. ती शाखा डेल्टापुढे टिकली नाही. युगांडात पसरलेल्या एका वेगळ्या प्रकारातही हाच बदल होता. तो जगभर गेला नाही. डेल्टाची ताकद अनेक बदल एकत्र आल्याने वाढली. काहींनी एसीई-२ ची पकड आणि प्रतिपिंडांना चुकवणे सोपे केले, ६८१ ने चाप पक्का केला.

माणसांचा वाटाही होताच. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या हजारो गावांत ग्रामपंचायतीचे मतदान झाले, लग्नसमारंभ पुन्हा भरू लागले, मास्क हनुवटीवर आले. पाच माणसांना भेटणाऱ्या विषाणूचा चाप कितीही पक्का असला तरी लाट येत नाही. पाचशेंना भेटला की येते.

नंतरच्या ओमायक्रॉनने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली. त्याच्या ६८१ व्या जागीही बदल होता, तरी त्याचे स्पाइक पेशींना मिसळण्यात डेल्टापेक्षा कमजोर निघाले. टीएमपीआरएसएस-२ चा वापर त्याने कमी केला आणि पेशीतल्या पिशवीचा मार्ग जास्त धरला. तो वेगाने पसरला, पण फुप्फुसांत खोलवर तितका रुजला नाही.

दोन दारे, आणि एका गोळीची गोष्ट

विषाणू कोणत्या दाराने आत जातो हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोष्ट आठवा. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंध म्हणून ही गोळी सुचवली, मे महिन्यात पोलिसांसारख्या आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांनाही. दुकानांत गोळ्या मिळेनाशा झाल्या. संधिवाताच्या ज्या रुग्णांना ती रोज लागते, त्यांची पंचाईत झाली.

गोळीवर विश्वास बसायला एक कारण होते. प्रयोगशाळेत ती विषाणूला खरोखर अडवत होती. पण ते प्रयोग बहुतेक ‘व्हेरो’ पेशींवर झाले होते. या पेशी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या आहेत आणि त्यांच्यावर टीएमपीआरएसएस-२ जवळपास नसते. त्यामुळे तिथे विषाणूला मागच्या दाराने, पेशीतल्या पिशवीतूनच जावे लागते. पिशवीतले कॅथेप्सिन आम्लात चालते आणि ही गोळी पिशवीतले आम्ल कमी करते. म्हणून मागचे दार बंद होत होते.

माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींना मात्र पुढचे दार आहे. तिथे टीएमपीआरएसएस-२ पृष्ठभागावरच काप घेते, आम्लाची गरजच पडत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी जुलै २०२० मध्ये दाखवून दिले की फुप्फुसाच्या पेशींत ही गोळी विषाणूला अडवत नाही. त्याआधी जूनमध्येच ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना तिचा फायदा होत नसल्याचे दिसले होते. भारताच्या उपचार सूचनांमधून ती सप्टेंबर २०२१ मध्ये वगळली गेली. एका विकराचा फरक, पण त्याच्यामुळे लाखो गोळ्या व्यर्थ गेल्या.

विदर्भाच्याच गावाचे नाव असलेला विषाणू

काही विषाणूंना मात्र आम्लाशिवाय गत्यंतर नसते. त्यांतला एक विदर्भातल्या गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, हा विषाणू वेगळा केला. तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठले. त्यांतली १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला. त्यावर लस नाही.

चांदीपुरा हा रेबीजच्या विस्तारित कुळातला. या कुळाच्या पृष्ठभागावर ‘जी’ नावाचे एकच प्रथिन असते आणि पकडणे, मिसळणे ही दोन्ही कामे तेच करते. त्याला कापावे लागत नाही. पेशी विषाणूला पिशवीत आत ओढते, पिशवीत आम्ल वाढते आणि आम्ल लागले की प्रथिनाचा आकार बदलून पटले मिसळतात. चांदीपुराच्या या प्रथिनाचा आम्लातला आकार फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उलगडला.

स्पाइक आणि या कुळातले चाप यांच्यात एक मोठा फरक आहे. यांचा चाप परत लावता येतो. आम्ल कमी झाले की प्रथिन मूळ आकारात जाऊ शकते. विषाणू पेशीतून बाहेर पडताना वाटेत थोडे आम्ल लागतेच. चाप तिथे सुटला तरी बाहेर आल्यावर तो पुन्हा पूर्ववत होतो.

डेंग्यू आणि चिकुनगुन्याची प्रथिने तिसऱ्याच घडणीची. ती विषाणूवर आडवी पसरलेली असतात आणि आम्ल लागताच उभी राहून तिघा-तिघांच्या जुडीने दुमडतात. घडणी तीन, पण युक्ती एकच : पटलात टोक रुतवा, दुमडा आणि दोन्ही पटले जवळ ओढा.

लस : चाप लावलेला असतानाच त्याची ओळख

आपल्या शरीराने कोणत्या आकाराचे स्पाइक ओळखायला शिकावे? अर्थातच न सुटलेले. विषाणू आपल्याला गाठतो तेव्हा चाप लावलेला असतो. सुटलेल्या स्पाइकची ओळख पटवून तयार झालेली बरीचशी प्रतिपिंडे त्या वेळी उपयोगाची नसतात.

अडचण अशी की हे प्रथिन वेगळे काढले की आपोआप सुटू पाहते. अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर उपाय काढला. स्प्रिंग जिथे सरळ होते, तिथल्या ९८६ आणि ९८७ या दोन जागी प्रोलीन बसवले. प्रोलीन ताठर असते, त्यामुळे स्प्रिंग उसळू शकत नाही. चापाला लावलेली ही खुंटीच म्हणा. करोना येण्याआधी मर्सच्या विषाणूवर हे काम झालेले असल्याने २०२० मध्ये ते लगेच वापरता आले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दोन लशींतून हा फरक दिसतो. कोव्होवॅक्समध्ये, म्हणजे मूळ नोव्हावॅक्सच्या लशीत, या दोन प्रोलीनची खुंटी आहे आणि फ्युरिनचा सांधाही बदलून बंद केलेला आहे. कोविशिल्डमध्ये मूळ स्पाइकचीच माहिती पेशींना दिली जाते, खुंटी नाही. तरीही पेशींवर तयार होणारी स्पाइक बहुतांशी न सुटलेल्या आकारात असल्याचे अभ्यासात दिसले आणि लस उपयोगी पडली. डेल्टाच्या काळात ब्रिटनमध्ये याच लशीच्या दोन डोसांनी लक्षणे असलेल्या आजारापासून सुमारे ६७ टक्के संरक्षण दिले, एका डोसाने मात्र सुमारे ३० टक्केच. दुसरा डोस टाळू नका, असे तेव्हा सतत सांगितले जात होते त्याला हा आधार होता.

श्वसनमार्गाच्या आरएसव्ही या विषाणूबाबतही हीच युक्ती कामी आली. त्यावरची लस अनेक दशके हुलकावणी देत होती. मिसळण्याआधीच्या आकारात अडकवलेले प्रथिन हाती आल्यावर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. एचआयव्हीवरचे एन्फ्युव्हिर्टाइड हे औषध तर थेट शेवटच्या पायरीवर घाव घालते. ते मोळी आवळण्याआधीच मध्ये जाऊन बसते, त्यामुळे पटले जवळ येत नाहीत.

‘लसीने मूल होत नाही’ ही अफवा कुठून आली?

लसीकरणाच्या काळात, विशेषतः तरुण मुली आणि नवविवाहितांच्या घरांत, एक अफवा फिरत होती : लस घेतली तर मूल राहणार नाही. तिच्या मुळाशी याच विषयातले एक अर्धवट सत्य होते.

गर्भाच्या वारेचा बाहेरचा थर हा असंख्य पेशी एकजीव होऊन बनलेला असतो. आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोषण पोहोचवणारा हा थर बनवण्याचे काम सिन्सिटिन नावाचे प्रथिन करते. हे प्रथिन मुळात एका प्राचीन विषाणूचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या विषाणूचे जनुक आपल्या पूर्वजांच्या वंशात कायमचे बसले आणि शरीराने त्याचा चाप आपल्या कामाला लावला. २००० मध्ये ही गोष्ट उघड झाली.

अफवेतला तर्क असा होता : स्पाइक आणि सिन्सिटिन दोन्ही पटले मिसळणारी प्रथिने, म्हणजे लसीने तयार झालेली प्रतिपिंडे वारेवरही हल्ला करतील. पण काम सारखे असले म्हणून चेहरा सारखा नसतो. विळा आणि कात्री दोन्ही कापतात, तरी एकीची धार लावण्याची रीत दुसरीला चालत नाही. दोन्ही प्रथिनांच्या साखळ्यांत प्रतिपिंडांचा गोंधळ उडावा असे साम्य नाही. आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासांत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भ राहण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आणि खुद्द करोना झालेल्या गर्भवतींना धोका जास्त होता, म्हणूनच २ जुलै २०२१ रोजी केंद्राने गर्भवतींच्या लसीकरणाला मान्यता दिली.

पुढच्या वेळी काय पाहायचे?

नवा प्रकार आला की बातम्यांत अक्षरे आणि आकडे येतात आणि पाठोपाठ भीती येते. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. बदल पकडीच्या जागी आहे, कापाच्या जागी आहे की स्प्रिंगमध्ये? त्याने विषाणू पेशीत शिरण्याचे दार बदलले का? आणि प्रयोग कोणत्या पेशींवर झाला, फुप्फुसाच्या की माकडाच्या मूत्रपिंडाच्या? उत्तरे मिळायला काही आठवडे लागतात. तोवर आपल्या हातातले उपाय मात्र तेच राहतात, कारण चाप कितीही पक्का असला तरी तो पेशीला टेकल्याशिवाय सुटत नाही. साबण विषाणूचे आवरण फोडतो, मास्क आणि मोकळी हवा त्याला पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि लस शरीराला चाप लावलेला असतानाच ओळखायला शिकवते.